कूस

सासूबाई परत येणार म्हणून
मी एप्रन इस्त्री करून खुंटीला लावला होता.

अठरा वर्षं त्या बारीला होत्या, समुद्राकाठी,
एकामागून एक पाच म्हाताऱ्यांची दुखणी उचलत.
दर दुसऱ्या शनिवारी मिनीबसमधून खोकं यायचं:
शेवया, ऑलिव्हचं तेल, साबणाची पावडर,
माझ्या नवऱ्याला एक नंबर मोठी पँट
(तो अजून वाढतोय असं त्यांना वाटत असावं,
एकेचाळीसचा होता तो).
घरावरचा निळा पत्रा त्यांचा.
माझे पुढचे दोन दात त्यांचे.
सासऱ्यांची शवपेटीसुद्धा त्यांचीच,
जिचं झाकण लागताना त्यांनी फोनवर पाहिलं,
एका हातात फोन,
दुसऱ्यात सिन्योरा इम्माकोलाताच्या सुपाचा चमचा.

मी हिशेब मांडला होता, खोटं कशाला बोलू?
त्या आल्या की बेकाला शाळेत त्या सोडतील,
गाईची धार त्या काढतील,
आणि मी झेस्ताफोनीच्या दवाखान्यात
नोंदणीच्या खिडकीवर बसेन.
तसं कळवूनही टाकलं होतं.

त्यांनी बॅग ठेवली. एप्रनकडे पाहिलं.
"आज वार कोणता?"
"मंगळवार."
"नाही," म्हणाल्या, "गुरुवार."

अर्थ मला फार उशिरा कळला.
तिकडे गुरुवारी सुट्टी असायची, दुपारी दोन ते आठ.
स्टेशनसमोरच्या बागेत आमच्याकडच्या बायका
बाकांवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायच्या,
आणि आठाला वीस कमी असताना
मांडीवरची टरफलं झटकून उठायच्या.

आता रोज गुरुवार.
नऊला उठतात. एकच कप विसळतात, स्वतःचा.
बेकाशी तासन्‌तास बोलतात,
पण बुटाची नाडी त्याची त्यालाच बांधायला लावतात.
नवऱ्याने एकदा रात्री दार वाजवलं: "आई, बटण तुटलंय."
आतून उत्तर आलं:
"सुई कपाटात, वरच्या खणात.
तुझ्या वडिलांनाही कधी सापडली नाही."
शेजारीण म्हणते, परदेशात माणूस थंड पडतो.

पण द्राक्षांच्या मांडवाखाली ऐकावं त्यांना.
आमच्या लामाराबाई, त्सिआला, झुझुना आणि लंगडणारी मेदिको,
चौघी तिकडून आलेल्या.
चाळीस पानांचा तिकडचाच डाव मांडतात
आणि शिव्या देतात, त्याही तिकडच्याच.
ज्या एकेकाळी त्यांच्या अंगावर फेकल्या गेल्या,
त्या आता हुकमाच्या पानासारख्या आपटतात टेबलावर,
डोळ्यांत पाणी येईतो हसतात.
गावात कुणाला एक अक्षर कळत नाही.
मी कॉफी नेली तर म्हणाल्या,
"ठेव. बस, नाहीतर जा.
उभी राहू नकोस."

राग आला होता मला. अजून आहे, थोडा.
त्या खिडकीवर आता दुसरीच कुणी बसते.

पहाटे साडेचारला भिंतीपलीकडे पलंग कुरकुरतो.
तिकडे तेव्हा अडीच.
अडीचला सिन्योरांना वळवायचं असायचं;
एकाच कुशीवर पडून राहिलं की कातडी सडते.
घड्याळ तिथेच राहिलं, जाग तेवढी सोबत आली.
तिकडच्या भाषेत पुटपुटतात:
चला बाई, वळू या.
मग थांबतात. बराच वेळ.
खोलीत दुसरं कुणी नाही
हे हातांना पटायला वेळ लागत असेल.
मग पलंग पुन्हा वाजतो
आणि त्या कूस बदलतात,
स्वतःची.

काल मीही जागी होते,
बेकाचा पाय माझ्या पोटावर.
तो उचलला, बाजूला ठेवला, वळले.

सहाला गाय हंबरली.
कुणीच उठलं नाही.
पुन्हा हंबरली.
मग अंगणात बादलीचा आवाज झाला.
कोण आहे ते पाहायला
मी गेले नाही.